वाचकांचे प्रश्न : लढाईवर गेलेले पूर्वज, घरातली पत्रे आणि सरकारी दप्तर

मागील अंकात घराण्याच्या इतिहासाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केल्यानंतर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या पूर्वजांची नावे छापलेली नाहीत; तालुका मात्र दिला आहे, कारण कोणत्या कचेरीची पायरी चढायची हे बहुधा त्यावरच ठरते.

प्रश्न : आमच्या देव्हाऱ्यामागे काशाचे, ताटलीएवढे एक गोल पदक पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेले आहे. त्यावर सिंह, एक स्त्री आणि इंग्रजी अक्षरे आहेत. आमच्या पणजोबांच्या थोरल्या भावाला सरकारने लढाईसाठी बसऱ्याला नेले आणि ते परत आले नाहीत, एवढेच आजी सांगत असे. पलटण किंवा साल कोणालाच ठाऊक नाही. त्यांचा काही ठावठिकाणा लागेल का? (एक वाचक, माढा तालुका)

लागण्याची शक्यता चांगली आहे, कारण आपल्याकडील वस्तू फार बोलकी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातून लढताना जे मेले त्यांच्या जवळच्या वारसाकडे पाठवलेली ही स्मृतिचकती आहे. तिचा व्यास सुमारे १२ सेंटीमीटर असतो. त्रिशूळधारी ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक मानलेली स्त्री) आणि तिच्याजवळ सिंह असे चित्र असते, आणि ब्रिटानियाने पुढे धरलेल्या पानांच्या चक्राखाली आयताकृती चौकटीत मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. तेथे हुद्दा, नंबर किंवा पलटण यांपैकी काहीही नसते. मेलेल्यांत लहानमोठा असा भेद करू नये म्हणून ते मुद्दाम गाळलेले होते. चकतीबरोबर एक छापील मानपत्र आणि राजाच्या सहीच्या नमुन्याचे छोटे पत्रही येत असे, तेव्हा घरातील जुन्या बोचक्यांत तेही शोधावे. एक विनंती अशी की, दिवाळीला देवाची भांडी चिंच लावून घासताना ही चकती त्यांत टाकू नये. नावाची अक्षरे झिजली तर पुढचा सारा शोध खुंटतो.

चकतीवरील नाव एकेक अक्षर पाहून जसेच्या तसे उतरवून घ्यावे. आपण आज आडनावाचे जे इंग्रजी स्पेलिंग करतो तेच शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने केले असेल असे मुळीच नाही. पवारांचे पोवार आणि शिंद्यांचे सिंदे झालेले सर्रास आढळते. कित्येकदा तर आडनाव नसतेच, स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर काम भागवलेले असते. हे नाव घेऊन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या संकेतस्थळावरील मृतांच्या यादीत शोध घ्यावा. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची यादी सर्वांना मोफत पाहता येते. जिल्ह्याचे नाव टाकताना त्याचे आजचे इंग्रजी स्पेलिंग वापरून काही हाती लागणार नाही. इंग्रज अमदानीत ते ‘शोलापूर’ असे लिहीत असत आणि नोंदींत तेच राहिले आहे. नोंद सापडली तर नंबर, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख मिळते, आणि नशीब थोर असेल तर खाली बापाचे किंवा बायकोचे नाव आणि गाव-तालुका यांची पुरवणी ओळही असते. एकाच नावाचे पाच-सहा शिपाई निघाले तर निवाडा त्या पुरवणी ओळीवरूनच करायचा, नुसत्या आडनावावरून नव्हे.

‘बसऱ्याला नेले’ हे आजींचे शब्द विश्वासार्ह वाटतात. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेसाठी जाणारे सैन्य बसऱ्याला उतरत असे, त्यामुळे मागे राहिलेल्यांच्या तोंडी त्या साऱ्या मुलखाला बसरा हेच नाव बसले. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या पलटणी ६व्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि कूत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला हा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. हजारो हिंदी शिपाई तुर्कांचे कैदी झाले, आणि वाळवंटातील पायपीट, उपासमार, रोगराई आणि रेल्वेमार्गावरील सक्तीची मजुरी यांत त्यांतले पुष्कळ दगावले. म्हणून आपल्या पूर्वजाची पलटण या तिन्हींपैकी असेल आणि मृत्यूची तारीख १९१६ च्या मे महिन्यानंतरची असेल, तर ते कैदेत वारले काय, हे पाहणे ओघानेच आले. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने १९१४ ते १९१८ या काळातील युद्धकैद्यांच्या याद्या इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. त्या वाचायला किचकट आहेत, पण नंबर हाती असला तर प्रयत्न वाया जात नाही.

बसऱ्याच्या स्मारकाचे छायाचित्र मिळवून त्यावर नाव शोधणारे अनेक जण निराश होतात. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक आहे, परंतु हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांचीच नावे भिंतीवर कोरली गेली आणि साध्या शिपायांचे पलटणवार आकडे तेवढे लिहिले गेले. त्यांची नावे वहीत राहिली. या भेदभावाची कबुली खुद्द वॉर ग्रेव्हज कमिशनने नेमलेल्या समितीच्या २०२१ मधील अहवालात दिली गेली आहे. दिल्लीच्या इंडिया गेटविषयीही असाच गैरसमज आहे. तेथे तेरा हजारांहून अधिक नावे आहेत हे खरे, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. बसऱ्याकडे गेलेला शिपाई तेथे सापडला नाही, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

सर्वच मराठी माणसे मराठा पलटणींत होती असेही धरून चालू नये. १९१७ मध्ये उभारलेली १११वी महार पलटण होती, खडकीचे सॅपर्स, म्हणजे सैन्यातील बांधकामाची पथके, होते, खेचरांचे तांडे आणि हमालांची पथके होती, भिस्ती आणि आचारी होते; यांतील मृतांच्या नोंदीही त्याच यादीत आहेत. मराठा पलटणी १९२२ मध्ये एका रेजिमेंटखाली आणल्या गेल्या आणि तिचे केंद्र आज बेळगावला आहे. तेथे पत्र लिहायचे तर नंबर आणि पलटण कळल्यावरच लिहावे. पहिल्या महायुद्धातील साध्या शिपायाची स्वतंत्र फाइल मिळेल अशी आशा बाळगू नये. पलटण कोणत्या महिन्यात कोठे होती हे मात्र नक्की कळते.

हे झाले परदेशातील दप्तर. माझा स्वतःचा भर गावातील कागदावर अधिक असतो. जुन्या दप्तरात माणूस शोधताना आधी विचारावे की, त्याची नोंद करण्याची गरज कोणत्या कचेरीला पडली असेल, आणि कशासाठी. आपल्या पूर्वजाच्या नावावर जमिनीचा तुकडा असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर त्यावर वारस लावणे महसूल खात्याला भागच होते. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची पद्धत आली होती, तेव्हा १९१५ ते १९२५ या काळातील आपल्या गावचे फेरफार तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून नक्कल मागून वाचावेत. ‘मयत’ या एका शब्दापुढे कधी कधी ‘लढाईत’ एवढेच लिहिलेले असते, पण बायकोचे, भावांचे आणि अज्ञान मुलांचे नाव त्याच ओळींत मिळते, जे परदेशातल्या कोणत्याही यादीत मिळणार नाही. गावच्या जुन्या चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर ‘या गावातून इतके लोक मोठ्या लढाईवर गेले, पैकी इतके मेले’ अशा अर्थाची संगमरवरी पाटी आहे काय, हेही पाहून यावे. अशा पाट्या अनेक गावांत बसवल्या गेल्या होत्या आणि त्यांतील काही चुन्याच्या थरांखाली गेल्या आहेत.

प्रश्न : इंग्रज १८८१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी करीत असत. त्या याद्यांत आमच्या कुटुंबाची नावे मिळतील का? (एक वाचक, मोहोळ)

मिळणार नाहीत. त्या काळच्या खानेसुमारीचे छापील तक्ते आणि अहवाल उपलब्ध आहेत, पण घरोघरची नावे लिहिलेले मूळ कागद जपून ठेवले गेले नाहीत. इंग्लंडमधील लोक आपले पूर्वज खानेसुमारीत शोधतात हे वाचून आपल्याकडेही तसे असेल, असे अनेकांना वाटते. त्याऐवजी गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, आणि शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. खानेसुमारीच्या वर्षांभोवती आपल्या गावाची लोकसंख्या, दुष्काळ, पेठ आणि बाजार यांची माहिती हवी असेल, तर १८८४ मध्ये छापलेले सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर फार उपयोगी आहे.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. त्यांनी आजीला आणि पणजीला पाठवलेली पत्रे आजीच्या ट्रंकेत मिळाली. काही ओळींवर काळी शाई फासलेली आहे, गावाचे नाव कोठेच नाही, दोन पत्रे इंग्रजी अक्षरांत असूनही इंग्रजी नाहीत. आजोबा नेमके कोठे होते हे यावरून कळेल का? (एक वाचक, पंढरपूर)

आपण पाठवलेल्या छायाप्रतींत फक्त पत्रांचा मजकूर आहे, पाकिटे नाहीत. पाकिटे ट्रंकेत असतील तर ती आधी बाहेर काढावीत, कारण ठिकाणाचा शोध मजकुरापेक्षा पाकिटावरून लवकर लागतो. लढाईवरील सैनिकाला पत्रात ठिकाण लिहिण्याची बंदी होती आणि त्याचे पत्र सेन्सॉरच्या हातून पुढे जात असे. काळी शाई त्याचीच आहे. मात्र प्रत्येक फिरत्या सैनिकी टपाल कचेरीला क्रमांक होता, आणि पाकिटावरील गोल शिक्क्यात ‘एफ.पी.ओ.’ या अक्षरांसोबत तो क्रमांक आणि तारीख उमटलेली असते. कोणती कचेरी कोणत्या महिन्यात कोठे होती याच्या याद्या टपालशिक्क्यांच्या अभ्यासकांनी तयार केलेल्या आहेत. कचेरी सैन्याबरोबर हलत असल्यामुळे नुसता क्रमांक पुरत नाही. क्रमांक आणि तारीख दोन्ही लागतात. एखाद्या पाकिटावर ‘५६ ए.पी.ओ.’ असा पत्ता असेल तर ते पत्र महायुद्धातले नाही, स्वातंत्र्यानंतरचे आहे, एवढे लगेच ओळखावे. पूर्वी घरोघरी मुले तिकिटे जमवण्याच्या नादात पाकिटाचा कोपरा कापून घेत आणि त्याबरोबर शिक्काही जाई. लढाईवरच्या पुष्कळ पत्रांना तिकीटच लागत नसे, त्यामुळे आपली पाकिटे वाचली असतील अशी आशा आहे.

त्यानंतर पत्राच्या माथ्यावरील किंवा पाकिटाच्या मागील बाजूचा पाठवणाऱ्याचा पत्ता पाहावा. तेथे नंबर, हुद्दा, नाव, कंपनी आणि पलटण असा क्रम असतो. आपल्या एका छायाप्रतीच्या कडेला ‘१/५ एम.’ एवढेच आकडे-अक्षरे दिसतात आणि पुढचा कागद दुमडलेला आहे. हे ‘१/५ एम.एल.आय.’ असेल तर त्याचा अर्थ ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची १ली पलटण असा होतो. ही पलटण इटलीत होती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर ज्या लढाईत शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती याच पलटणीची. तोच आकडा ३/५ असेल तर ३री पलटण, तीही इटलीत होती आणि १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडलेले नाईक यशवंत घाडगे तिचे होते. दुमड उघडून नीट पाहावे, कारण एका आकड्याने सारी हकीकत बदलते. पलटण ठरली की तिची रोजनिशी, जिला सैन्यात वॉर डायरी म्हणतात, पाहता येते. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशा रोजनिश्या आहेत. पत्राची तारीख आणि रोजनिशीतील तारीख शेजारी ठेवली की आजोबा कोणत्या गावाजवळ बसून लिहीत होते हे बहुतेक कळते.

‘इंग्रजी अक्षरांत असूनही इंग्रजी नाहीत’ ती पत्रे रोमन लिपीतील हिंदुस्थानीत असावीत. सैन्यात शिपायांना ती लिपी शिकवली जात असे आणि एकाच बराकीत निरनिराळ्या मुलखांची माणसे असल्याने लिहून देणाराही कोणी दुसराच असू शकतो. तेव्हा हस्ताक्षर वेगळे दिसले म्हणून पत्र दुसऱ्याचे समजू नये. मोठ्याने वाचून पाहावे. डोळ्यांना न कळणारे कानाला कळते.

मजकुराचे म्हणाल तर, ठिकाण लिहिण्याची बंदी असली तरी शेतकऱ्याच्या घरचा शिपाई शेजारच्या रानात काय पिकते आणि पाऊस केव्हा पडतो हे लिहिल्याशिवाय राहत नाही, आणि तेवढे सेन्सॉर बहुधा जाऊ देत असे. अशा ओळी बाजूला काढून ठेवाव्यात. घराण्याच्या दृष्टीने मात्र मायन्यांना अधिक महत्त्व आहे. स्वतःच्या आईवडिलांना ‘तीर्थरूप’ आणि इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ लिहिण्याचा पाठ त्या पिढीत पक्का होता, त्यामुळे सख्खी आई कोण आणि चुलती कोण हे मायन्यावरून ठरवता येते. आपल्या पहिल्या छायाप्रतीत, १९४३ च्या पत्रात, पणजींच्या नावामागे ‘सौ.’ आहे आणि १९४५ च्या पत्रात ‘गं. भा.’ आहे. म्हणजे आपल्या पणजोबांचे निधन या दोन तारखांच्या दरम्यान झाले. आपण पत्रात त्यांच्या मृत्यूचे साल १९४९ असे ऐकीव म्हणून दिले आहे, ते नमुना १४ मध्ये पडताळून पाहावे. मला पत्रांचा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो. लढाईवरील मुलाला वडील गेल्याचे कळल्यावर त्याने आईला लिहिलेले पहिले पत्र या गठ्ठ्यात असायला हवे, तेव्हा सर्व पत्रे तारीखवार लावावीत.

जतनाविषयी थोडेसे. पत्रे लॅमिनेट करू नयेत, फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नये, फाइलसाठी भोके पाडू नयेत. प्रत्येक पानाची आणि पाकिटाची दोन्ही बाजूंनी स्कॅन प्रत काढावी आणि पाकीट व त्यातील पत्र यांची ताटातूट होऊ देऊ नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेत कागद अक्षरशः भाजून निघतो, आणि वाळवीचे वेगळे सांगायला नको; लाकडी कपाटाचा भिंतीपासून सुटा, सावलीतला कप्पा बरा.

प्रश्न : आमचे घराणे सांगोल्याचे. सात पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ आहे, पण सोलापूरच्या कचेरीत १८७० च्या आधीचा एकही कागद मिळत नाही. आधीचे दप्तर नष्ट झाले असे समजावे का? (एक वाचक, सांगोला)

नष्ट झाले असे समजण्याआधी ते दुसऱ्या जिल्ह्यात आहे काय, हे पाहावे. सोलापूर जिल्ह्याची आजची आकृती जुनी नाही. १८३८ मध्ये अहमदनगरखाली सोलापूरची उपजिल्हा कचेरी झाली, १८६४ मध्ये ती मोडली आणि काही वर्षांतच जिल्हा नव्याने बांधला गेला. त्या वेळी पंढरपूर आणि सांगोला हे भाग साताऱ्याकडून घेतले गेले, आणि माळशिरस १८७५ मध्ये जोडले गेले. त्यामुळे आपल्या घराण्याचा आधीचा महसुली कागद सातारच्या दप्तरात शोधावा लागेल. अक्कलकोटच्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावे की, त्यांचा भाग १९४८ पर्यंत संस्थानात होता आणि संस्थानचे दप्तर वेगळे होते. पेशवाईतील कागद हवे असतील तर पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आहे, पण तेथे गावाचे, परगण्याचे आणि शक्य तर वतनाचे नाव घेऊन जावे. केवळ आडनाव घेऊन गेलेला माणूस रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, राशीपुढे हतबल होतो.

हे कागद मोडी लिपीत आहेत. शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि कारकुनाचा हात बदलला की अक्षराचे वळण बदलते, म्हणून पहिल्या वाचनात नावे लागली नाहीत तरी चिकाटी सोडू नये. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांत जुने अभिलेख कक्ष उघडले गेले, मोडी वाचकांना मागणी आली आणि पुष्कळ कागदांच्या प्रती जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळांवर आल्या. आपला हेतू जातीच्या दाखल्याचा नसला तरी त्या नोंदींचा लाभ आपल्याला घेता येईल.

तारखांचा हिशेब असा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. महसुली कागदांत फसली सन असेल तर आपल्या भागात ५९० मिळवावेत. पेशवाई कागदांतील सुहूर सन शब्दांत असतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. त्यात ५९९ मिळवून १७६०-६१ हे पानिपताचे वर्ष येते. फसली आणि सुहूर ही दोन्ही वर्षे मृगाला बदलतात, त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांसाठी आणखी एक मिळवायचा असतो.

आता तोंडपाठ वंशावळीविषयी. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे कागदात ‘राणोजी बिन मालोजी’ आणि ‘मालोजी बिन राणोजी’ (‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा) अशी जोडी आलटून पालटून येत राहते, आणि पाठांतरात मधल्या दोन पिढ्या सहज गळतात. दर पिढीला साधारण पंचवीस वर्षे धरून हिशेब करावा. सात पिढ्यांत तीनशे वर्षे बसवलेली असतील तर कोणीतरी गळले आहे. पडताळ्यासाठी दोन जागा आहेत. एक, हेळवी. सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात बैलावर बसून येणारे हेळवी घराण्यांच्या वह्या बाळगतात आणि धान्य घेऊन वंशावळ वाचून दाखवतात. आपल्या घराण्याचा हेळवी कोण हे भावकीतील वृद्धांना ठाऊक असेल. दुसरी जागा तीर्थोपाध्यायांची. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनाव यांनुसार लावलेल्या असतात, आणि यात्रेला गेलेल्या पूर्वजाने बरोबरच्या भावांची, मुलांची नावे तेथे सांगितलेली असतात. माझ्या मते या दोहोंत तीर्थोपाध्यायांची वही श्रेष्ठ, कारण ती त्या त्या दिवशी, माणूस समोर बसलेला असताना लिहिली गेली. हेळव्याच्या वहीत पहिल्या काही पिढ्या एखाद्या राजघराण्याला नेऊन भिडवलेल्या असल्या, तर तेवढ्या ऐकून सोडून द्याव्यात.

प्रश्न : काही हजार रुपये घेऊन कुळी, गोत्र आणि पूर्ण वंशवृक्ष तयार करून देणाऱ्यांच्या जाहिराती येतात. त्यावर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, सोलापूर शहर)

पैसे देण्याआधी एकच गोष्ट विचारावी : प्रत्येक नावापुढे तो कोणत्या कचेरीतील, कोणत्या सालच्या, कोणत्या कागदाचा आधार देणार आहे. त्याचे उत्तर ‘आमच्याकडे संशोधन आहे’ असे आले तर पैसे वाचवावेत आणि तेवढ्यात नकला काढाव्यात.

प्रश्न : आजोबांचे धाकटे भाऊ सैन्यातून सिंगापूरला गेले होते. ते आझाद हिंद सेनेत गेले असे घरात म्हणतात. कागद एकही नाही. (एक वाचक, बार्शी)

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले तेव्हा हिंदी सैनिक मोठ्या संख्येने जपान्यांच्या ताब्यात गेले. त्यांतील काही आझाद हिंद सेनेत गेले, काही गेले नाहीत आणि कैदेत राहिले, आणि कैद्यांपैकी कित्येकांना मजुरीसाठी दूरच्या बेटांवर नेले गेले. घरातील आठवण पहिल्या शक्यतेकडे झुकते, आणि ते स्वाभाविक आहे. १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यातील खटल्यानंतर आझाद हिंद सेनेचे नाव घरोघरी पोहोचले होते, त्यामुळे परत न आलेल्या प्रत्येकाविषयी तसे बोलले जाऊ लागले. म्हणून तिन्ही शक्यता उघड्या ठेवून शोध घ्यावा.

ते परत आले नसतील तर वर सांगितलेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत पाहावे. सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर अशा अनेकांची नावे आहेत. परत आले असतील तर प्रश्न असा की, त्यांनी निवृत्तिवेतन कोणाकडून घेतले. सैन्याकडून घेतले असेल तर पलटणीच्या अभिलेख कार्यालयात नोंद असेल. १९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी सुरू केलेल्या योजनेत आझाद हिंद सेनेतील लोकही येत होते, आणि त्यांनी त्यासाठी अर्ज केला असेल तर तुरुंगवासाचे पुरावे, सहकाऱ्यांचे दाखले यांसह फाइल जिल्हाधिकारी कार्यालयातून गेलेली असणार. त्या अर्जात माणसाने स्वतःची हकीकत स्वतः लिहिलेली असते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरही आझाद हिंद सेनेसंबंधीचे कागद शोधता येतात. बार्शीचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांत ‘बार्सी’ असे असते, हे शोधताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमचे पद्मशाली घराणे तेलंगणातून गिरणीत कामासाठी सोलापूरला आले. ना शेत, ना वतन, ना सातबारा. आमच्यासारख्यांनी काय शोधावे? (एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)

जमिनीचे कागद नसले तरी गिरणगावातील माणसाची नोंद शहराने केलेलीच असते. येथील जुनी गिरणी १८७७ ची, आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या व हातमाग यांच्या ओढीने आलेली कुटुंबे पेठांत वसली. तेव्हा पहिला कागद नगरपालिकेच्या जन्ममृत्यू नोंदीचा. १९६४ मध्ये महानगरपालिका झाली तरी आधीच्या नोंदी तिच्याकडेच मागाव्या लागतात. अर्जात नावाबरोबर पेठ आणि जुना घर क्रमांक द्यावा. घरपट्टीच्या जुन्या पावतीवर तो मिळतो. दुसरा कागद शाळेच्या जनरल रजिस्टरचा, ज्यात जन्मठिकाणाचा रकाना असतो. आपल्या आजोबांच्या पिढीतील सर्वांत थोरल्या भावंडाचे जन्मठिकाण तेलंगणातील गाव असेल आणि धाकट्याचे सोलापूर, तर स्थलांतराचे साल दोघांच्या जन्मतारखांमध्ये सापडले. तिसरा, गिरणीचा. गिरण्या बंद पडल्या आणि हजेरीपट गेले, परंतु १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यानंतर कामगाराने वारस म्हणून कोणाचे नाव दिले, त्याच्या प्रती अनेकांच्या घरी आहेत.

तेलंगणातील मूळ गाव कळल्यावर तेथे चौकशी करताना गोत्रापेक्षा इंटिपेरू, म्हणजे घराण्याचे नाव, सांगावे, कारण गोत्र अनेकांचे एकच निघते. सोलापुरात आल्यावर काहींनी इंटिपेरूचे रूप मराठी वळणाचे करून घेतले आहे, तेव्हा लग्नपत्रिकांच्या तेलुगू मजकुरातील मूळ रूप मिळवावे. निजामाच्या राज्यातील महसुली कागद उर्दूत असतात. १९५४-५५ ची खासरा पहाणी हा तेथील गावोगावचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे, आणि संस्थानकाळातील जुने दप्तर हैदराबादच्या तारनाका भागातील राज्य अभिलेखागारात आहे. गाव आधी निश्चित करून मगच हैदराबादला जावे, आणि जाताना उर्दू वाचणारे कोणी सोबत असेल तर काम लवकर होईल.